कलता दात

रविवारी दुपारी खाली कवळ्यांच्या कारखान्यात बसायचं ठरलं, कारण वर घरात बसलं की दोन वाक्यांत धाकटा उठून गॅलरीत जायचा आणि त्याची समजूत घालून आत आणेपर्यंत चहा गार व्हायचा. खाली गॅलरी नव्हती. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांचं बाक, मागे पॉलिशची खोली आणि मधल्या या खोलीत अण्णांचं लांब टेबल, गिऱ्हाइकाला बसवायची उंच पाठीची खुर्ची आणि भिंतभर मांडलेले प्लास्टरचे जबडे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतलं निम्मं गाव त्या फळ्यांवर तोंड उघडून बसलं होतं. नवख्या माणसाला तिथे जरा दचकायला व्हायचं, पण या घरातली पोरं त्या जबड्यांसमोर पाढे म्हणत मोठी झाली होती.

अण्णा आपल्या स्टुलावर बसले होते. त्यांचा थोरला मुलगा टेबलाच्या टोकाला उभा होता. त्याला उभं राहूनच बोलता येतं. धाकटा साच्यांच्या फळीला टेकून होता आणि नखांतलं प्लास्टर काढत होता. आत्या सकाळच्या गाडीने आली होती, अजून तिने पायांतले मोजेही काढले नव्हते. आणि जिच्यासाठी हे सगळं जमलं होतं ती खारू, धाकट्याची एकुलती एक लेक, अण्णांच्या मागे खिडकीपाशी बसली होती. पुढचे दोन दात मोठे म्हणून लहानपणी अण्णांनीच तिचं नाव खारूताई पाडलं होतं.

"आठवडा झाला," थोरला म्हणाला. "आता गप्प बसून चालणार नाही. लोक वाट बघताहेत."

"कसली?" आत्याने विचारलं.

"आपल्या माफीची."

"लोकांचं काय बिघडवलंय आपण? बिघडलंय त्या बाईंचं."

"तेच ते."

"तेच कसं? बाई एक आहेत, लोक लाखभर आहेत."

थोरल्याने कपाळाला हात लावला. बहिणीला बोलावून आपण चूक केली असं त्याला वाटलं, पण तिला न बोलावता काही ठरवलं असतं तर तिने पुढचं वर्षभर ऐकवलं असतं.

त्याच्या दृष्टीने गोष्ट सरळ होती. दोन वर्षांपूर्वी खारूने फोन टेबलावर उभा केला आणि कवळी कशी होते ते दाखवायला सुरुवात केली. मेणात दात बसवताना, हिरडीचा रंग जुळवताना, मध्येच अण्णांचा खोकला. कोण बघणार हे, असं तो स्वतःच म्हणाला होता. पण लोकांनी पाहिलं. रस्त्यात 'कवळीवाली, कवळीवाली' म्हणून लोक तिला थांबवायला लागले. दूरच्या शहरांतून माणसं हाताच्या पंजामागे तोंड लपवून यायची आणि जाताना फोटो काढून जायची. थोरल्याने पुढच्या खोलीत नवं बाक टाकलं ते तेव्हा.

आणि मग तो व्हिडिओ आला. त्यात खारूने अण्णांची करामत सांगितली होती. बाकीचे कारागीर सगळ्यांना एकसारखे पांढरेशुभ्र दात बसवून देतात, हसलं की कवळी आहे हे दहा पावलांवरून कळतं. अण्णा तसं करत नाहीत. ते माणसाचा तरुणपणचा फोटो मागतात आणि त्यात जी खोट असेल ती जशीच्या तशी घडवतात. कोणाची फट, कोणाचा टवका, कोणाचा एकावर एक चढलेला दात. 'आमच्याकडे कवळी ओळखू येत नाही, माणूस ओळखू येतो,' असं ती कॅमेऱ्यात बघून म्हणाली होती, आणि नमुना म्हणून फळीवरचा एक साचा हातात घेऊन दाखवला होता. वरचा डावीकडचा दात जरासा आत कललेला. नाव सांगितलं नव्हतं. नंतर तिने दात नसताना माणूस कसा बोलतो त्याची नक्कल केली. नक्कल फर्मास झाली. त्या दिवशी जेवताना घरातले सगळे पोट धरून हसले होते, थोरला सगळ्यांत जास्त.

संध्याकाळपर्यंत कोणीतरी लिहिलं, अरे हा दात तर बातम्यांच्या बाईंचा.

ज्या गावाने वीस वर्षं रोज साडेसातला तो दात पडद्यावर पाहिला होता, त्या गावाला तो साच्यातही ओळखता यावा यात नवल काही नव्हतं. घरातल्या एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं इतकंच. आधी लोक हसले, मग दुसरे लोक हसणाऱ्यांवर चिडले, आणि मग सगळे मिळून खारूवर चिडले. निर्लज्ज मुलगी, म्हाताऱ्या बाईची अब्रू विकली, हिचेच दात पाडा. व्हिडिओ काढून टाकला तरी तो हजार ठिकाणी फिरत होता, आणि हे किती वाईट झालं ते पटवायला प्रत्येक जण बाईंचा जुना फोटो आणि तो साचा शेजारी शेजारी लावत होता.

"माझं म्हणणं एवढंच," थोरला म्हणाला, "एक छोटासा व्हिडिओ. मध्ये अण्णा बसतील. खारू शेजारी. ती दोन वाक्यं बोलेल, अण्णा हात जोडतील. अण्णांवर कोणाला चिडता येत नाही."

"मी हात जोडले की ते हलतात," अण्णा म्हणाले.

"हलू देत. उलट बरं."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. "दादा, तुला ऐकू येतंय का आपण काय बोलतोय ते?"

"बंद करा," धाकटा फळीपासूनच म्हणाला. "माफी नको, व्हिडिओ नको, काही नको. ते चॅनेलच बंद करून टाका. मला पहिल्यापासून हे पसंत नव्हतं."

"तुला पसंत नव्हतं?" आत्या त्याच्याकडे वळली. "मग मला रोज फोन करून किती लोकांनी पाहिलं ते कोण सांगायचं? मला आकडे पाठ झाले होते. मी भाजी निवडत असायचे आणि तू आपला लाख, सव्वा लाख."

धाकट्याने मान खाली घातली. त्याला वाटलं होतं हे दोघांतच राहील. प्लास्टर घट्ट व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात तो लोकांनी लेकीबद्दल काय काय लिहिलंय ते वाचत बसायचा. आयुष्यभर त्याने साचे ओतले. घडवलेली कवळी अण्णांची असायची, मिळालेला पैसा थोरल्याच्या गल्ल्यात जायचा आणि त्याला मिळायचं ते प्लास्टर. पहिल्यांदाच या घरातलं काहीतरी त्याच्या बाजूचं होतं. बायको असती तर तिला वाचून दाखवलं असतं. ती नव्हती, म्हणून तो बहिणीला फोन करायचा.

"मी लिहायचोसुद्धा," तो म्हणाला.

"काय लिहायचास?"

"खाली. तिच्या व्हिडिओंखाली. दुसऱ्या नावाने." त्याचे कान लाल झाले. "मुलगी गुणी आहे, वगैरे. आणि या आठवड्यात भांडलोसुद्धा. शिव्या देणाऱ्या एकेकाला दाताच्या कण्या करून समजावलं. त्यांना अजून चेव आला."

"बाबा," खारू म्हणाली. सकाळपासून हा तिचा पहिला शब्द. "'एक साधा माणूस' म्हणजे तुम्ही?"

"हो."

"मला वाटलं जगात एक तरी माणूस माझ्या बाजूने आहे."

"होता की," धाकटा म्हणाला.

आत्याला हसू आलं आणि ते तिने खोकल्यात घालवलं. थोरला काही बोलणार एवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. तो पुढच्या खोलीत गेला, आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता. चौकातले दातांचे डॉक्टर होते. जे निम्मं काम पाठवायचे, ते. पेशंट विचारायला लागलेत म्हणे, माझा साचा कोणाच्या फळीवर आहे. थोडे दिवस काम दुसरीकडे देतो, राग मानू नका.

"ठीक आहे," थोरला म्हणाला आणि पहिल्यांदाच खाली बसला. "धाकट्याचं बरोबर आहे. बंद करा. चॅनेल बंद, आणि खारूने काही दिवस कारखान्यात यायचं नाही. डॉक्टरांना मी सांगतो, मुलगी आता इथे काम करत नाही म्हणून."

"का?" धाकटा फळीपासून सुटा झाला.

"का म्हणजे? आत्ता तूच म्हणालास."

"मी चॅनेल म्हणालो. मुलगी बंद करा नाही म्हणालो. अण्णांचे हात हलायला लागल्यापासून कवळ्या कोण घासतंय इथे? तू?"

"आवाज चढवू नकोस."

"नक्कल बघून तूच सगळ्यांत जास्त हसलास. तुझे दात तेवढे दिसत होते."

दोघे भाऊ साठीला टेकलेले, पण भांडायला लागले की शाळेतल्यासारखे एकमेकांच्या अंगावर जात, आणि मध्ये पडायची वेळ आत्यावर यायची. आज ती मध्ये पडली नाही. ती खारूकडे बघत होती. पोरीचा चेहरा आठवड्यात सुकून गेला होता, आणि भांडण चालू असताना तिचे ओठ हलत होते. काहीतरी पाठ केलेलं ती मनात म्हणून बघत होती.

"काय गं?" आत्याने हळूच विचारलं.

"माफी," खारू म्हणाली. "लिहून झालीय. पाठही झालीय."

"मग म्हण की."

खारूने नाही म्हणून मान हलवली. ती माफी तिने चार वेळा आरशासमोर म्हटली होती. चौथ्या वेळेला तिच्या लक्षात आलं की 'त्या मला आजीसारख्या आहेत' या वाक्यानंतर आपण थांबतोय, आणि थांबलं की परिणाम चांगला होतो. दोन वर्षांची सवय होती ती. कुठे थांबायचं, कुठे कॅमेऱ्यात बघायचं, कुठे हसायचं. तिला स्वतःची किळस आली होती. पण ते आत्याला कसं सांगायचं हे तिला कळेना, म्हणून तिने वेगळंच सांगितलं.

"आत्या, मला आवडायचं गं. बस स्टॉपवर लोक ओळखायचे ते. एकदा मी मुद्दाम पुढच्या स्टॉपपर्यंत चालत गेले होते, तिथे जास्त गर्दी असते म्हणून."

"बरं मग?"

"मग काही नाही. कोणाला सांगितलं नव्हतं."

पुढच्या दारावरची घंटा वाजली. रविवारी पाटी उलटी असते, तरी थोरला सवयीने उठला, पडदा बाजूला केला आणि तसाच मागे सरकला. बातम्यांच्या बाई आत आल्या.

त्या सत्तरीच्या, ताठ, करड्या केसांच्या. गळ्याभोवती रुमाल, हातात छत्रीसारखी धरलेली काठी. त्यांनी खोलीतल्या पाचही जणांवरून एकदा नजर फिरवली. पूर्वी पडद्यावर बातमी संपली की अशाच त्या क्षणभर समोर बघायच्या.

"मिस्त्री," त्या अण्णांना म्हणाल्या, "खाली डावीकडे टोचतंय. उद्या सकाळी पुस्तकाचं रेकॉर्डिंग आहे, नाहीतर आले नसते."

"बसा बाई," अण्णा उठत म्हणाले. "कधीपासून?"

"आठवडाभर."

आठवडाभर त्यांनी ते सोसलं होतं हे अण्णांना लगेच कळलं. बोलताना त्या जीभ डावीकडे नेत होत्या. आठवडाभर टोचणारी कवळी म्हणजे हिरडीला फोड आला असणार. आणि ही बाई दुसरीकडे कुठे जाऊ शकत नव्हती, कारण दुसऱ्या कोणी ती कवळी हातात घेतली असती तर आधी वरचा कललेला दात पाहून म्हणाला असता, हा सरळ करून देऊ का. अण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"बाई," ते म्हणाले, "मी तो दात तेव्हा सरळ केला असता तर आज कोणी ओळखलं नसतं. माझीच करणी."

"सरळ केला असतात तर मी घेतलीच नसती," बाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

थोरल्याला आता राहवेना. तो पुढे झाला. "बाई, आम्ही आत्ता त्याच विषयावर बसलो होतो. आम्ही जाहीर माफी मागणार आहोत. अण्णा स्वतः..."

"नको."

"अहो, पण लोकांची अपेक्षा आहे."

"असेल. गुरुवारपासून जरा थंडावलंय. तुम्ही माफी मागितलीत की पुन्हा माझा फोटो येणार, पुन्हा तो साचा, पुन्हा माझ्या फोनवर माणसं, तुम्ही माफ केलंत का म्हणून विचारायला. मी काय करू? मीपण एक व्हिडिओ काढू?"

आत्याने त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं.

खारू खिडकीपासून उठून पुढे आली. पाठ केलेल्यातलं एकही वाक्य तिला आठवेना आणि तिला त्याचं बरं वाटलं.

"बाई, माझं चुकलं," ती म्हणाली. "फार चुकलं."

"हो," बाई म्हणाल्या.

एवढंच. पुढे काही येईना तेव्हा खारूच म्हणाली, "पण मी तिथे काही बोलले नाही तर लोक म्हणतील, बघा, साधी माफीसुद्धा मागितली नाही. माजली म्हणतील."

"म्हणतील."

"कायमचं म्हणतील."

"कायमचं कोणी काही म्हणत नाही. पण वर्षभर धर." बाईंनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. "खाली बस. मान वर करून बोलायला लावू नकोस, दुखतंय मला."

खारू अण्णांच्या स्टुलावर बसली.

"मलाही सगळे ओळखायचे," बाई म्हणाल्या. "बाजारात नुसतं 'अर्धा किलो' म्हटलं तरी चार माना वळायच्या. मला ते आवडायचं. आवडत नव्हतं म्हणणारे खोटं बोलतात. मग एकदा कोणा मोठ्या माणसाच्या निधनाची बातमी वाचत होते आणि मागे कोणीतरी धपकन पडलं. मला हसू फुटलं. अख्ख्या गावाने पाहिलं. पोती भरून पत्रं आली. हिला काढा, हिला लाज नाही, हिच्या घरचं कोणी मेलं म्हणजे कळेल. सगळी वाचली मी."

"मग?"

"मग काय. हसले मी होते, पत्रंही मलाच आली. हिशोब बरोबर होता. इथे तसं नाही झालं. चूक तुझी आणि पत्रं माझ्या पत्त्यावर."

धाकटा मागून म्हणाला, "तिलाही फार शिव्या पडल्या, बाई."

"पडल्या असतील. मी कुठे नाही म्हणते? पण तिला शिव्या पडून माझं काही परत येत नाही हो." त्या पुन्हा खारूकडे वळल्या. आवाज तोच होता, बातमीचा, ना वर, ना खाली. "आता परवा एक पुस्तक वाचत होते, रेकॉर्डिंगला. अडखळले. कोणीही अडखळतं. समोरचा मुलगा काचेपलीकडून माझ्या तोंडाकडे बघायला लागला. चांगला मुलगा आहे. मला म्हणाला, ताई, घट्ट बसलीय ना? वाईट हेतूने नाही विचारलं त्याने. पण आता मी चुकले की चूक माझी नसते, कवळीची असते."

खारूला रडू येत होतं, पण आता रडलं तर बाईंना आपली समजूत काढावी लागेल हे तिला कळत होतं. तिने दात दाबून धरले.

"आणि एक सांगते, मग काम कर," बाई म्हणाल्या. "दात दाखवलेस त्याचं मला एवढं काही नाही. दात यांनी केलेत, चांगले आहेत. तू माझं बोलणं दाखवलंस. माझा नवरा गेला तोवर त्याने मला बिनदाताचं बोलताना ऐकलं नव्हतं. दिवे मालवल्यावर काढायची आणि तोंड मिटून झोपायची. फक्त या खुर्चीत बसले की मी तशीच बोलायचे. कवळी तुझ्या हातात आणि मी यांच्याशी गप्पा मारतेय. काय काय बोललेय इथे. तू कवळी घासताना हसायचीस, मला वाटायचं पोरगी गोष्टीला हसतेय."

"गोष्टीलाच हसायचे, बाई. खरंच."

"असशीलही. पण आता मला ते कसं कळणार?"

खारू उठली. तिने हात धुतले. अण्णांनी पांढऱ्या लेपाची डबी पुढे सरकवली. कवळीच्या आतल्या बाजूला हा लेप लावून ती तोंडात दाबली की जिथे टोचतं तिथला लेप पुसला जातो आणि घासायची जागा दिसते. बाईंनी तोंडाकडे हात नेला, आणि थांबल्या. थोरला, धाकटा आणि आत्या निमूटपणे पॉलिशच्या खोलीत गेले.

बाईंनी खालची कवळी काढून खारूच्या हातावर ठेवली आणि ओठ मिटून घेतले. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. खारूने लेप लावला, कवळी परत दिली, दाबायला सांगितलं, काढायला सांगितलं. "इथे दुखतं ना?" तिने विचारलं. बाईंनी बोट दाखवलं. "आणि पुढे?" बाईंनी नाही म्हणून मान हलवली. एरवी एवढ्यात त्यांनी शेजारणीची एखादी कहाणी अर्ध्यावर आणलेली असायची. आज खोलीत फक्त डबीच्या झाकणाचा आवाज झाला. खारूने हा आवाज यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

काम सोपं होतं. कडेला तांदळाएवढी जागा उतरवायची आणि गुळगुळीत करायची. खारू घासायची मोटर उचलणार तेवढ्यात बाईंनी हात वर केला, रुमाल तोंडावर धरला आणि रुमालाआडून, मोठ्या कष्टाने, एकेक शब्द नीट करत म्हणाल्या, "ते आत जाऊन कर."

खारूने वर पाहिलं.

"हात तुझेच लागणार. मला माहीत आहे. यांचे आता चालत नाहीत." 'च' नीट आला नाही म्हणून त्या थांबल्या, त्यांनी तो पुन्हा म्हटला. "घासायचं तू. पण मी यांच्याशी बोलेन तेव्हा तू इथे नसायचंस. दर वेळी."

"बरं," खारू म्हणाली.

कवळी ओल्या कापडात घेऊन ती आत गेली आणि तिने मागे दार ओढून घेतलं. पॉलिशच्या खोलीत तिघे चुना-पावडरीच्या पोत्यांमध्ये अंग चोरून उभे होते. तिने दिव्याखाली लहान मोटर धरली, जागा उतरवली, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा थोडी उतरवली. कडेवरून बोट सरकलं तेव्हा कुठे काही लागलं नाही. तिने मोटर थांबवली.

आणि मग दारामागून आवाज आला. आधी अण्णांनी काहीतरी विचारलं. मग बाई बोलायला लागल्या. मऊ, फुसफुसणारे, एकमेकांत मिसळलेले शब्द, हळूहळू वेग घेणारे. मध्येच अण्णा हसले. मग बाई हसल्या.

थोरला दाराकडे सरकला. "काय म्हणताहेत? माफ केलं का?"

"गप्प बस," आत्या म्हणाली, पण तिनेही मान तिकडे वळवली होती. धाकट्याने श्वास रोखला होता. फळीचं दार पातळ होतं, अजून एक पाऊल पुढे गेलं असतं तर सगळं ऐकू आलं असतं.

खारूने कवळी पाण्याच्या भांड्यात ठेवली. मग भिंतीतलं बटण दाबून तिने पॉलिशचं मोठं चाक सुरू केलं. खोली घरघरायला लागली, फळ्यांवरची भांडी हलली.

"अगं, झालं ना काम?" थोरला ओरडला. "चाकावर काहीच नाहीये तुझ्या."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"काही नाही."

त्याला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्याने पुन्हा तोंड उघडलं, पण धाकटा त्याच्या आणि दाराच्या मध्ये येऊन उभा राहिला होता. खारू मोकळ्या फिरणाऱ्या चाकासमोर दाराकडे पाठ करून बसली, आणि अण्णा स्वतः उठून दार उघडायला येईपर्यंत तिने ते बंद केलं नाही.